पोरगा द्यायचा नाही

ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये मराठी माणसाला ‘काय करता’ असं विचारण्यात अर्थ नसतो. उत्तर ठरलेलं: चिप. नवरा चिप बनवतो, बायको चिप तपासते, आणि धाकटा दीर पुण्याहून येऊ घातलाय तोही चिपसाठीच. अशा गावात गणपतीच्या आरतीनंतर, हातात मसालेभाताची प्लेट घेऊन, एक बाई म्हणाली की ती हॉकीच्या टीमच्या ऑफिसात असते. झालं! भोवतालचे चमचे थांबले.

“खेळतेस?” एकाने विचारलं.

“छे. खेळाडूंच्या पगारांचं बघते.”

“अच्छा, म्हणजे पेरोल.”

“पेरोल नाही.”

“मग अकाउंट्स.”

“अकाउंट्सही नाही. आणि बाप्पा, समजून घ्यायचं नसेल तर सरळ मठ्ठा घ्या ना, तो तिकडे आहे.”

ही प्रतिमा पिंपळखुटे. नागपूरची, महालातली. जीभ तिखट, आवाज मोठा, आणि चूक आपली नसेल तर माफी मागायची नाही हा बाणा. चूक आपली असते तेव्हाही मागायला तिला वेळ लागतो, ते पुढे येईलच. लग्न झाल्यावर तिने नवऱ्याचं आडनाव लावलं नाही. ऑफिसात पहिल्याच दिवशी एका गोड बाईने विचारलं, तुझं आडनाव थोडं छोटं करता येईल का, लोकांना जड जातं. प्रतिमा म्हणाली, “तुमच्या रशियन गोलकीपरचं नाव कोपरापासून मनगटापर्यंत लांब आहे. ते सगळ्यांना पाठ आहे ना? मग माझंही होईल.” आणि झालं! महिन्याभरात दारावरचा सिक्युरिटीवालासुद्धा ‘गुड मॉर्निंग, मिस पिंपळखुटे’ म्हणायला लागला, ळ सोडून सगळं बरोबर.

२००२ साली ती एम.एस. होऊन बाहेर पडली तेव्हा डॉटकॉमचा फुगा फुटला होता आणि चिपवालेसुद्धा माणसं काढत होते. कुणी दारात उभं करेना. तेव्हा ‘स्कॉर्पियन्स’ नावाच्या टीमने तिला तिकिटांचे दर ठरवायच्या कामावर घेतलं. वाळवंटात बर्फावरची हॉकी! बाहेर एकशे पंधरा डिग्री फॅरनहाइट ऊन आणि आत पांढराशुभ्र बर्फ. प्रतिमा जून महिन्यात स्वेटर घेऊन कामाला जायची आणि पार्किंगमधले लोक ती वेडी असल्यासारखे बघायचे. बघा म्हणावं.

मग मालक आणि खेळाडू यांचं पगारावरून फाटलं आणि २००४ चा अख्खा सीझन बुडाला. पुढच्या वर्षी खेळ सुरू झाला तो नवा कायदा घेऊन: सॅलरी कॅप. कॅप म्हणजे काय, ते प्रतिमा असं सांगायची. समजा, दोनशे पानांचं लग्न आहे. यजमान कितीही गब्बर असला तरी दोनशेच्या वर एक पान मांडायचं नाही, असा हुकूम. आता तुम्ही पहिल्या पंगतीला सगळे मानाचे जावई बसवले आणि एकेकाने पाच-पाच पानं अडवली, तर बाकीच्यांनी काय करायचं? हात धुवायचे? म्हणून शहाणा यजमान जावई कमी बोलावतो आणि एका पानात खूश असणारी, पण पाचजणांचं काम उपसणारी तरणी पोरं शोधून आणतो. पोरांना पहिली तीन वर्षं पगार बेताचा द्यायचा, हेही कायद्यातच होतं. सगळी मेख तिथे होती.

मालक-खेळाडूंचा हा करारनामा सामने सुरू व्हायच्या आधीच हातात आला, आणि तो एवढा जाडजूड, की ऑफिसातल्या जुन्या मंडळींनी तो उघडलाच नाही. प्रतिमाने उघडला, कारण सामनेच नव्हते तर तिकिटांचे दर कसले ठरवणार? नवा जनरल मॅनेजर डग हॅनराहन, म्हणजे टीममध्ये कोण असावं कोण नसावं ते ठरवणारा माणूस, एक दिवस तिकिटांच्या खोलीत आला. पूर्वी स्वतः खेळायचा. नाक दोनदा मोडून वाकडं झालेलं.

“हे तुला कळतं म्हणे?”

“कळतं.”

“मग वर ये,” तो म्हणाला. प्रतिमा तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेली. अमेरिकेत साहेबाला अरे-तुरे करायची सोय आहे, ती तिला फार आवडली.

टीम तळाला होती. तिचं पहिलं म्हणणं असं, की तळाला आहोतच तर निदान शहाण्यासारखे तळाला राहू. महागडे जुने खेळाडू देऊन टाकायचे, त्यांच्या बदल्यात ड्राफ्टमधले जास्तीचे नंबर घ्यायचे. ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं टीमांनी पाळीपाळीने निवडायची. ती पोरं लगेच मोठ्या टीममध्ये आणायची नाहीत. आपल्याच खालच्या पायरीवरच्या छोट्या टीममध्ये मुरू द्यायची. तीन-चार वर्षं हरायचं, शिव्या खायच्या, पण घाई करायची नाही. हॅनराहनला ते पटलं. याला ते ‘रिबिल्ड’ म्हणत. पेपरवाले ‘रडगाणं’ म्हणत. म्हणोत.

पण पोरं ओळखायची कशी? ड्राफ्टच्या आधी सगळ्या पोरांची तपासणी असते. वजन करतात, उंची मोजतात, चिमटा लावून अंगावरची चरबी मोजतात, ओकारी येईपर्यंत सायकल मारायला लावतात. प्रतिमा ते पाहायला गेली आणि तिला हसू आवरेना. अगदी आपला मुलगी बघण्याचा कार्यक्रम! चालून दाखव, वाचून दाखव, वेणी खरी आहे ना? तिला स्वतःला तिघं बघून गेले होते. एकाची आई म्हणाली होती, मुलगी फटकळ वाटते. ‘वाटत नाही, आहेच,’ असं आतून ओरडून ही मोकळी झाली होती.

“डग,” ती हॅनराहनला म्हणाली, “तुम्ही पोरं बघितली. चौकशी कुठे केली?”

चौकशी कशी करतात, हे तिला मालिनीकाकूंनी शिकवलं होतं. मालिनीकाकू पंचवीस वर्षं चँडलरला. फिनिक्सपासून टूसानपर्यंत एकही मराठी लग्न त्यांच्या फोनशिवाय ठरत नसे. प्रतिमाच्या बाबांनी ऋषीचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, स्थळ त्यांच्यामार्फतच तपासलं होतं. ऋषी तेव्हा जवळच टेंपीच्या विद्यापीठात शिकत होता. काकूंनी त्याच्या प्रोफेसरला विचारलं नाही, मित्रांना विचारलं नाही. त्याच्या एका जुन्या रूममेटला फोन लावला, अर्धा तास उन्हाळ्यावर आणि भाड्यावर बोलल्या, आणि मग सहज विचारलं, कुकर कोण घासायचं रे? रूममेट म्हणाला, ऋषीच घासायचा, आम्ही कसले घासतोय. स्थळ पास!

काकूंचे नियम साधे होते. मुलाचं विचारायचं नाही, घराचं विचारायचं. मुलाचं आपोआप येतं. ज्याचा फायदा-तोटा नाही अशाला गाठायचं. कुणी फारच तोंड भरून कौतुक करायला लागलं, तर त्याला ती ब्याद आपल्या गळ्यात मारायची आहे असं समजायचं. आणि कुणी गप्पच राहिलं, ‘तुम्हीच बघा बाई’ म्हणालं, तर कुठेतरी पाणी मुरतंय, उठायचं.

कॅनडात ही हॉकीची पोरं लहान वयात घर सोडून परगावच्या टीममध्ये खेळतात आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतात. तिथेच जेवण, तिथेच झोप. प्रतिमाने त्या घरांतल्या बायकांना फोन लावायला सुरुवात केली. टीमचे स्काउट, म्हणजे गावोगाव फिरून पोरं हेरणारे लोक, हसून लोळायचे. “आज कोणत्या मावशीशी बोललीस?” ती म्हणायची, “मावशीला जे दिसतं ते तुमच्या दुर्बिणीत येत नाही.”

कोडी ब्रँट असाच सापडला. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातला, बचावफळीत खेळणारा, लांब हातांचा पोरगा. सगळ्या स्काउटांनी त्याच्यावर फुली मारली होती, कारण सीझनच्या सुरुवातीलाच तो टीम सोडून गेला होता आणि दीड महिना परतला नव्हता. पळपुटा! कोचने तसं स्पष्ट सांगितलं होतं. प्रतिमाने तो ज्या घरी राहायचा तिथे फोन केला. लॉरेन नावाच्या बाई होत्या. आधी थंडीवर बोलून झालं, मग बटाट्यांवर, मग सुनेवर. मग प्रतिमाने विचारलं, शेतीचं कोण बघतं हो आता?

“आता नवराच बघतो. त्या वर्षी मात्र कापणीच्या ऐन तोंडावर त्याचं कमरेचं हाड मोडलं. कोडी नसता तर पीक उभंच राहिलं असतं. पहाटे मशीनवर चढायचा तो अंधार पडेस्तोवर. कोचला सांग म्हटलं तर म्हणाला, घरचं काम आहे, त्याला काय सांगायचं.”

“हे तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

“मला कुणी विचारलं?” लॉरेन म्हणाल्या.

प्रतिमाने डोळे पुसले, फोन ठेवला आणि तडक हॅनराहनच्या खोलीत गेली. म्हणाली, तुमच्या लोकांनी पोराची चौकशी त्याच्यावर चिडलेल्या कोचकडे केली. हा पोरगा घ्यायचा. हॅनराहन नाही म्हणाला. ती दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या दिवशी तिला येताना पाहूनच तो म्हणाला, बरं, बाई, पाचव्या फेरीत उरला तर घेऊ. पाचव्या फेरीपर्यंत कुणीच त्याला शिवलं नाही. स्कॉर्पियन्सने घेतला.

आता तिची चूक. ती सांगायलाच हवी, नाहीतर तिला देव्हाऱ्यात बसवल्यासारखं होईल. त्याच ड्राफ्टमध्ये फिनलंडचा एक पोरगा होता, मिका नावाचा. हॅनराहनला तो वरच्या फेरीत हवा होता. प्रतिमाने त्याच्या होस्टेलच्या बाईंना फोन लावला. हवा कशी आहे? ‘थंड.’ जेवण? ‘असतं.’ मिका? मग लांबच लांब शांतता. आणि मग, ‘ठीक आहे.’ बस्स. प्रतिमाने कान टवकारले. एवढी शांतता! नक्की पाणी मुरतंय. तिने हॅनराहनच्या मागे लागून त्याला तो पोरगा सोडायला लावला. पुढे कुणीतरी तिला सांगितलं, की फिनलंडमध्ये माणसं तशीच बोलतात, आणि ‘ठीक आहे’ म्हणजे त्यांच्याकडे मोठं प्रशस्तिपत्र असतं. तोवर मिका दुसऱ्या टीमकडून गोलांवर गोल ठोकत होता. नागपूरची चौकशी हेलसिंकीला चालत नाही, हे तिच्या टाळक्यात शिरायला टीमचा एक हिरा जावा लागला. याबद्दल ती हॅनराहनला कधीच सॉरी म्हणाली नाही. मनात मात्र रोज म्हणायची.

बघता बघता २००८ उजाडलं. कोडी आता वीस वर्षांचा, छोट्या टीममध्ये सगळ्यांच्या नजरेत भरलेला. दुसरी दोन-तीन पोरंही तयार होत होती. अजून एक वर्ष, फार तर दीड. पण मालकांचा धीर सुटला. मिस्टर ऑल्सन म्हातारे गृहस्थ, पोहण्याचे तलाव बांधून श्रीमंत झालेले; रिकाम्या खुर्च्या बघून त्यांना रात्री झोप येईना. त्यांना नाव हवं होतं, पोस्टरवर लावायला चेहरा हवा होता. तो चेहरा सापडला: मार्टी व्हेलन, सदतीस वर्षांचा, एके काळचा बादशहा. पूर्वेकडची एक टीम त्याला द्यायला तयार होती. बदल्यात त्यांना कोडी हवा होता.

फेब्रुवारी अखेरीस खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. आदल्या दुपारी हॅनराहनने प्रतिमाला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“उद्या सकाळी व्हेलनच्या टीमचा फोन येईल. मालकही असतील. कोडीने टीम सोडली होती, त्यावर ती टीम अडलीय. तू ती कापणीची गोष्ट त्यांना सांगायचीस. तुझ्या तोंडून पटेल.”

प्रतिमाला क्षणभर कळेचना. तिनेच शोधलेली गोष्ट, आणि ती त्याच पोराला विकायला वापरायची?

“डग, व्हेलनचा करार वाचलास का? पस्तिशीनंतर केलेला करार आहे, त्याला नियम वेगळा. तो उद्या घरी जाऊन बसला तरी त्याचा पगार आपल्या कॅपमधून दोन वर्षं हलणार नाही. पोरांना द्यायला काही उरणार नाही. रिबिल्ड संपला!”

“मालकांना व्हेलन हवाय.”

“मालकांना हे माहीत आहे?”

हॅनराहनने उठून खिडकीचा पडदा ओढला. मग वळला आणि त्याचं वाकडं नाक लाल झालं होतं. “तुझं ऐकून मी मिका सोडला. आठवतंय? आजही लोक मला तोंडावर हसतात. तेव्हा तुझं मत नको. मला फक्त तुझी शिफारस हवीय. आणि तुझ्या ग्रीन कार्डचं प्रकरण माझ्या सहीसाठी येणार आहे, हे विसरू नकोस.”

हे तिला झोंबलं, आणि जिथे झोंबायला हवं तिथेच झोंबलं. घर तिच्या पगारावर चालत होतं. ऋषीची पीएचडी संपायला वर्ष होतं आणि तो तिच्या व्हिसावर, डिपेंडंट. नोकरी गेली तर दोघांनाही बॅगा भराव्या लागणार. ती पर्स उचलून निघाली. गाडीत बसल्यावर मात्र तिने नागपुरी भाषेतल्या ज्या काही शिव्या येत होत्या त्या सगळ्या, सिग्नल हिरवा होऊन मागचे हॉर्न वाजवेपर्यंत, हॅनराहनला वाहिल्या.

घरी न जाता ती मालिनीकाकूंकडे गेली आणि ऋषीलाही तिथेच बोलावून घेतलं. काकू मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि जुडी खाली ठेवली.

“काकू, मला एक सुचतंय,” प्रतिमा म्हणाली. “उद्या त्यांनी कोडीचं विचारलं की मी नुसती गप्प बसते. मग म्हणते, ‘तुम्हीच बघा बाबा.’ बस्स. स्थळ मोडेल. पोरगा इथेच राहील.”

“मोडेल,” काकू म्हणाल्या. “आणि उद्या सगळ्या लीगमध्ये होईल, की त्याच्या घरच्याच टीमची बाई त्याच्याबद्दल बोलायला कचरते. मग त्याला कोण उभं करेल? अगं, चौकशी आपण आयुष्यभर केली. मोडता घातला नाही कधी. मोडता घालणाऱ्याच्या तोंडाला पाणी देऊ नये असं माझी सासू म्हणायची, आणि ती एवढं एकच शहाणपणाचं बोलली.”

“मग काय कौतुक करू? आणि देऊन टाकू त्याला?”

“ते मला काय विचारतेस? मी लग्नं जुळवते, हॉकी नाही.”

प्रतिमाने ऋषीकडे पाहिलं. तो इतका वेळ काकूंची मेथी निवडत होता. “ऋषी, माझी नोकरी जाईल बहुतेक. तुझी पीएचडी...”

“पीएचडी आहे यार, पळून जात नाही.” मग आणखी एक काडी मोडून म्हणाला, “मी नागपूरला यायला तयार आहे. फक्त मे महिन्यात नको.”

प्रतिमा हसली आणि हसता हसता रडली. कुकर घासणारा नवरा काय असतो, ते तिला तेव्हा पुन्हा कळलं.

सकाळी हॅनराहनच्या खोलीत मालक सोफ्यावर बसले होते, गुडघ्यांवर हॅट. टेबलाच्या मध्ये फोन, स्पीकरवर लावलेला. पलीकडच्या टीमचा मॅनेजर खणखणीत आवाजाचा माणूस होता. व्हेलनचं कौतुक त्याने सुरू केलं ते थांबेचना. काय तो स्वभाव, काय ती तब्येत, तरुणांना लाजवेल, ड्रेसिंगरूमचा तर बापच! मालक मान डोलावत होते. प्रतिमा ऐकत होती आणि तिच्या कानांत घंटा वाजत होती. एवढं कौतुक? अहो, मग घरात का ठेवत नाही?

“आता तुमच्या पोराचं सांगा,” फोन म्हणाला. “त्याची माहिती असणारी बाई आहे म्हणे तुमच्याकडे.”

हॅनराहनने तिच्याकडे बोट केलं. प्रतिमा खुर्चीवरून उठून टेबलापाशी गेली.

“आहे. मीच ती. प्रतिमा पिंपळखुटे. कोडीने टीम सोडली होती ते खरं आहे. ज्यांच्या घरी राहत होता त्या माणसाचं हाड मोडलं म्हणून दीड महिना त्यांची शेती एकट्याने सांभाळली, आणि कोचची बोलणी खाल्ली, पण कुणाला कारण सांगत बसला नाही. परत आला तेव्हा पहिल्यापेक्षा चांगला खेळला. त्याच्याबद्दल वाईट सांगायला माझ्याकडे एक शब्द नाही. पोरगा सोन्यासारखा आहे.”

“वा! हेच ऐकायचं होतं.”

“आणि म्हणूनच द्यायचा नाही.”

हॅनराहनचा हात फोनकडे गेला. मालकांनी हॅट उचलून त्याला थांबवलं.

“काय म्हणालीस?” त्यांनी प्रतिमाला विचारलं.

“मिस्टर ऑल्सन, तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते. व्हेलनचा करार तो पस्तिशीच्या पुढे असताना झालाय. तो उद्या खेळणं सोडून मासे पकडायला गेला, तरी त्याचा सगळा बोजा दोन वर्षं आपल्या कॅपवर. ताटावर माणूस नाही, आणि पाच पानं अडलेली. तयार होत आलेल्या आपल्या पोरांना तेव्हा द्यायला जागा उरणार नाही. तीन वर्षं आपण लोकांच्या शिव्या कशासाठी खाल्ल्या मग?”

“हिने यापूर्वी एका पोराच्या बाबतीत सपशेल चूक केलीय,” हॅनराहन कडाडला. “मिका हिच्यामुळे गेला!”

“गेला,” प्रतिमा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “माझ्यामुळेच गेला. त्या बाई गप्प राहिल्या आणि मी त्यांना पुढे काही विचारलं नाही, स्वतःच अर्थ लावला. चुकलं माझं. सॉरी, डग. म्हणून आज अर्थ लावत नाही, विचारते.” ती फोनकडे वाकली. “सर, व्हेलनला पुढच्या वर्षी खेळायचं आहे का? तुम्हाला तो स्वतः काय म्हणाला?”

पलीकडचा माणूस खणखणीत होता, पण खोटा नव्हता.

“ते तुम्ही त्यालाच विचारलेलं बरं,” तो म्हणाला.

मालक उठले. हॅट डोक्यावर ठेवली. “डग, या बाईला जे माहीत होतं ते तुला माहीत होतं?” हॅनराहन टेबलावरचे कागद गोळा करायला लागला. “पोरगा राहू दे,” मालक म्हणाले आणि निघून गेले. प्रतिमाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. श्रीमंतांना खरं ऐकलं तरी आभार मानायची सवय नसते.

हॅनराहनने तिला काढलं नाही. तेवढी मालकांची धास्ती होती. पण साहेबाला मालकांसमोर उघडं पाडलं की माफी नसते, मग तो देश कुठलाही असो. त्याच दुपारी निरोप आला: पुन्हा तळमजल्यावर, तिकिटांच्या खोलीत. कॅपचं काम दुसऱ्याकडे. ग्रीन कार्डच्या सहीबद्दल तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही, अडकवून ठेवलं. प्रतिमाला वाईट वाटलं का? वाटलं. तिसऱ्या मजल्यावरून खोका घेऊन उतरताना पायऱ्या दिसत नव्हत्या इतकं वाटलं. पण खाली टेबलावर खोका आपटून ती स्वतःशीच म्हणाली, “अबे, बसते इथे. बघू कोण उठवतं.” आणि त्या आठवड्यातही तिने तिकिटांचे दर असे लावले, की वरच्या स्टँडमधल्या रिकाम्या खुर्च्या भरायला लागल्या.

मार्चमध्ये सीझन संपत आला होता, टीम नेहमीप्रमाणे तळाला होती, आणि बचावफळीतला एकजण खांदा निखळून बाहेर बसला. छोट्या टीममधून बदली खेळाडू बोलावला गेला. सामन्याच्या दुपारी प्रतिमाच्या दारात एक उंच पोरगा येऊन उभा राहिला. अंगावर मोठ्या भावाचा असावा असा सूट, केस ओले, हात इतके लांब की कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. प्रतिमाने कोडीला आजवर पडद्यावरच पाहिलं होतं. त्याने तर तिचं नावही ऐकलं नव्हतं.

“मॅम, तिकिटं इथेच मिळतात ना? आई आणि बहीण विमानतळावर उतरल्यात. माझा पहिला सामना आहे. दोन हवी होती. फक्त आजची. मला उद्या कुठे पाठवतील काही सांगता येत नाही.”

प्रतिमाने तिकिटांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

“आजची काहून?” ती मराठीतच बोलून गेली, मग इंग्रजीत ओरडली, “फक्त आजची कशाला? आजची घे, आणि पुढच्या अख्ख्या वर्षाच्या दोन जागा मी तुझ्या नावाने राखून ठेवते. खेळाडूंच्या बेंचच्या अगदी मागे. आईला सांग, यायची सवय कर. तुला कुणी कुठेही पाठवत नाही.”

पोरगा गोंधळून हसला. “तुम्हाला कसं माहीत?”

“मला माहीत आहे,” प्रतिमा म्हणाली. “जा आता. बर्फावर जा.”